अठ्ठ्याऐंशीव्या पानावरची मीनाबाई

सोलापूर
६ जानेवारी २०२५

प्रिय आत्ती,

सोबतचं जाड बाड बघून घाबरू नकोस, शाळेची प्रश्नपत्रिका नाही. माझं पुस्तक आहे. अजून छापलेलं नाही, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतलंय.

हे पुस्तक सरळ वाचायचं नाही, खेळायचं. यात 'तू' एक शिकाऊ चोर आहेस. काजळपूर नावाचं जादूचं शहर आहे, तिथल्या भिंती जागा बदलतात आणि पहारा मांजरं देतात. राणीच्या देवघरात एक करंडा आहे, त्यात तिनं चंद्र कोंडून ठेवलाय. तो तुला चोरायचा आहे. प्रत्येक पानाच्या शेवटी विचारलेलं असतं. दार उघडायचं तर पान १४, खिडकीतून शिरायचं तर पान ३१. तू ठरवशील तशी गोष्ट बदलते. मिळालेल्या वस्तू कागदावर लिहीत जा. मारामारी आली की फासा टाक. नियम एकच, मागं जायचं नाही.

तुलाच का पाठवलं? चोरी मला शिकवली कुणी? आपल्यात लग्नात करवलीनं नवरीच्या घरातली एखादी वस्तू गुपचूप उचलायची आणि पाचव्या दिवशी पेढ्यांसकट परत द्यायची, ही रीत तू किती मांडवांत गाजवलीस ते ऐकतच मी मोठी झाले. पुस्तक तुलाच अर्पण केलंय. गोष्टीत तुझी एक गुरू आहे. नाव वाचून हसशील.

प्रकाशकांना महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. चुका काढ.

तुझी अंकिता


मैंदर्गी
१४ जानेवारी

अंकिता बाई,

तुजं बाड पोचलं. पोस्टमन चनबसप्पा म्हनला, "सोजरक्का, येवढं जाड प्रेमपत्र कुनाचं?" म्या म्हनलं, "तुज्या बापाचं. मेल्यावर लिवायला लागलाय." तवापासनं माज्या दाराम्होरं आला की घंटी वाजवीत न्हाय, गप जातो.

फोन का न्हाय केला म्हनशील. फोन सुनबाईच्या हातात, आन ती इस्पीकर लावल्याबिगर बोलू देत न्हाय. सगळ्या आळीनं ऐकायला मी काय कीर्तनकार हाय? कागूद बरा. गप बसतो.

पयली वळ वाचली. 'तू चोर आहेस. अजून शिकाऊ.' अगं, तू भाची हायस का फौजदार? पयल्याच वळीत आत्तीला चोर केलीस, आन वर शिकाऊ म्हनून कमीपना! सात मांडवांत हात मारलाय म्या. एका विहीनबाईची तर कानातली काडी उचलली व्हती, ती कानात आसताना.

फासा घरात न्हाय. सहा चिंचोके फोडले. पांडरं वर पडलं की माजं. तीनदा मेले. एकदा मांजरानं खाल्ली, दोनदा हौदात बुडले. मेल्यावर च्या पिला आन परत उठले. आमच्या मालकास्नी ही सोय न्हवती.

भिताडं जागा बदलत्यात त्ये लई आवडलं. आमच्या सुनंचं सैपाकघर तसंच हाय, रोज मिठाची बरनी दुसरीकडं.

बाविसाव्या पानावर तुजी गुरू भेटली. तिचं नाव तेवढं बदल. मीनाबाई नाव चोराला शोभत न्हाय. सकू ठिव, भागी ठिव, कायबी ठिव. बाकी झ्याक हाय.

आत्ती


सोलापूर
२१ जानेवारी

लबाड आत्तीला नमस्कार,

तू पत्रासोबत पाठवलेली वस्तूंची आणि मारामाऱ्यांची यादी मी बघितली. तुझ्याकडं मांजरतेल पण आहे आणि पितळी किल्ली पण. आत्ती, तेल घेतलं की किल्लीची वाट बंद होते. दोन्ही एकत्र मिळूच शकत नाहीत. तू मागच्या पानात बोट ठेवून पुढं डोकावत होतीस. आणि सात मारामाऱ्यांत सातही वेळा सहाच्या सहा पांढरे? चिंचोके दोन्हीकडून घासलेस काय?

मीनाबाईचं नाव मात्र बदलणार नाही. तोच तर सगळ्यात मोठा विनोद आहे. मम्मीच्या लग्नात करकंबच्या देवघरातला चांदीचा करंडा त्या मीनाबाईनं पळवला, ते तुला माहीतच आहे, तू तिथंच होतीस. अजून मामाच्या घरी कुणी पेला जरी उघडा ठेवला तरी आजी म्हणते, "झाक गं, मीनाबाई येईल." आम्ही मुलं तर चोर-पोलीस खेळताना भांडायचो, मीनाबाई कोण होणार म्हणून.

संक्रांतीला तिथं अठ्ठ्याऐंशीवं पान वाचून दाखवलं. मीनाबाई पकडली जाते, तिच्या गळ्यात भांड्यांची माळ घालून तिला शहराबाहेर काढतात. युवराज मामा पोट धरून हसला. तुझ्या सगळ्या वाटा फिरून ८८ वरच येतात, म्हणून सांगते, पुढं डोकावून उपयोग नाही.

तुला नाव का खटकलं?

अंकिता


मैंदर्गी
२९ जानेवारी

अंकिता,

व्हय, बोट ठिवलं व्हतं. एक न्हाय, पाची बोटं पानात आडकवून बसले व्हते. सुनबाई म्हनली, "अत्या, पुस्तक वाचताय का पेटी वाजवताय?"

कशापाई त्ये सांगते. मीनाबाई धरली जानार न्हाय आशी वाट हुडकत व्हते. खिडकीतनं गेले, गटारातनं गेले, मांजराचं स्वांग घिऊन गेले. कुटनंबी जा, अठ्ठ्याऐंशी. करंडा त्या शिकाऊ पोरीच्या झोळीत आन माळ मीनाबाईच्या गळ्यात. मग त्या पोरीला "म्या घेतलाय" म्हनायचं आसंल, तर कितव्या पानावर जायाचं? त्ये कुटंच लिवलं न्हाईस.

बाई, खऱ्या मानसाचं नाव आसं छापू ने. ती कुटंतरी जित्ती आसंल. तिचं लेकरू, नातवंडं वाचतील.

आन एक काम कर. तुज्या आजीला येवढंच इचार, मीनाबाई देवघरात गेली कशी? माजं नाव घेऊ नको.

तीळगूळ घे. तू आमाला गोड बोलत न्हाईस, आमीच बोलतो.

आत्ती


सोलापूर
५ फेब्रुवारी

आत्ती,

रविवारी करकंबला जाऊन आले. आजीला विचारलं, "मीनाबाई देवघरात कशी गेली?"

आजी म्हणाली, "देवघरात कशी जाईल? त्यांच्यातल्यांना तवा वसरीवर कोन चढू देत व्हतं?"

मी म्हटलं, "मग करंडा कसा नेला?"

आजीनं रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी परत विचारलं. तिनं परत वाढवला.

परत येताना एसटीत मी हिशेब केला. इतकी वर्षं ती गोष्ट सांगून मी हशे घेतले, आणि एकदाही हा प्रश्न मला पडला नाही. शाळेत मी मुलांना शिकवते, आत्ती.

तुला काय माहीत आहे? करवली तू होतीस.

पुस्तक अठरा तारखेला छापायला जाणार आहे.

अंकिता


मैंदर्गी
११ फेब्रुवारी

अंकिता,

ह्या पत्रात हासन्यासारखं काय न्हाय. उभ्यानं वाचू नको.

करंडा म्या घेतला.

तुज्या आईबापाच्या लग्नात मी करवली. माजं लगीन होऊन दोनच वर्सं झालती. मांडवात तुजी आजी सगळ्या बायकांम्होरं म्हनली, "मैंदर्गीची करवली लई हातचलाख हाय म्हनं. आमच्या घरातनं सुई बी हलत न्हाय." मला तेवढंच पायजे व्हतं. रीत काय? लाटनं उचलावं, पळी उचलावी, लईच झालं तर तांब्या. देवघरातल्याला हात लावायचा न्हाय, ही बी रीतच. पन ती सुई मला टोचली व्हती. अक्षता पडताना सगळी मानसं मांडवात, आन मी देवघरात. करंडा कुकवासकट ओच्यात खवला आन येऊन तुज्या बापामागं हुबी ऱ्हायले. मनात म्हनलं, पाचव्या दिवशी बगू आजीचं त्वांड.

पाचव्या दिवशी पेढं घिऊन गेले. ओच्यात करंडा. दारातच कळलं. मीनाबाईचं घर झडतीला घेतलं व्हतं. मडकी फोडून बगितली. तिच्या नवऱ्याला, ईश्वरला, चावडीम्होरं उनात बसवलं. आदल्या दिशी ती दोगं लेकराला काखंत मारून गाव सोडून गेली.

मीनाबाई त्या लग्नात खरकटं उचलायला व्हती. आंगनात. च्या बी तिला वरनं वतायचे. तिचा पाय कदी उंबऱ्याच्या आत पडला न्हाय, आन देवघरातली चोरी तिच्यावर. ह्ये तितं हुब्या आसल्याल्या परतेकाला ठावं व्हतं. मला बी.

तुजी आजी म्हनली, "चोर गेली, घर सुटलं." मग माज्याकडं बगून म्हनली, "तू काय उचललंस गं, करवले?"

तितं दोन वाटा व्हत्या, अंकिता. तुज्या पुस्तकात आस्त्यात तशा. पानाचं आकडं तेवढं न्हवतं.

म्या म्हनलं, "यंदा कायच गावलं न्हाय, मावशी."

सगळ्या हासल्या. "बगा, सुई हलत न्हाय म्हनलं न्हवतं?" मी बी हासले. बाकीच्यांचं हासनं इसरले. माजंच तेवढं कानात ऱ्हायलंय.

आदी भ्या वाटलं, सिदूदादाचं लगीन मोडंल, मालक घालवून देतील. मग तू झालीस. मग उशीर झाला म्हनून आनखी उशीर केला. मालक गेलं तवा वाटलं, आता कुनाचं भ्या? तर भ्या न्हवतं, पन त्वांड बी न्हवतं.

बारा वर्सांमागं कुर्डुवाडीला गाडी बदलत व्हते. ती बाकड्यावर बसल्याली. केस पिकलेलं, पन म्या वळखली. पदर डोळ्यांवर वढला आन भिंतीमागं जाऊन हुबी ऱ्हायले. माजी गाडी निगून गेली तरी भाईर आले न्हाय. चौकशी केली तवा कळलं, तिचा ल्योक रेल्वेच्या वर्कशॉपात हाय. येवढं कळून बी गप.

जिंदगीभर लोकांच्या खोड्या काडल्या. माजी खोडी कुनी काडायच्या आत आपन काडावी, म्हंजी ओच्याकडं कुनाचं ध्यान जात न्हाय.

करंडा माज्या टरंकंत हाय. कुकू वाळून खडा झालंय. इधवेच्या टरंकंत कुकू, बग.

तिचं नाव काड म्हनलं त्ये तिच्यापाई का माज्यापाई, आता मलाच कळंना.

सोजर


सोलापूर
१५ फेब्रुवारी

आत्ती,

छपाई थांबवली आहे. प्रकाशक चिडलेत, चिडू देत.

अर्पणपत्रिका काढली.

तू विचारलं होतंस, कबुलीचं पान कितवं. ते पान नाही, कारण मला ते सुचलंच नाही. मीनाबाई चोर, एवढं धरूनच मी सगळ्या वाटा आखल्या. त्यामुळं तुझ्यावर ओरडायचा हक्क मला किती आहे, मला माहीत नाही. तरी राग आला आहे, आणि तो जात नाही.

नाव बदलून मी मोकळी होईन. 'सकू' लिहायला दोन मिनिटं लागतील. पण करकंबला "मीनाबाई येईल" म्हणणं त्यानं थांबणार नाही. मम्मीला मी काही सांगितलेलं नाही. ते माझं काम नाही.

मी तुझ्यासोबत येणार नाही. तू ठरव.

अंकिता


मैंदर्गी
४ मार्च

अंकिता,

तुज्या पत्राला लगी उत्तर दिलं न्हाय. उत्तर द्यायजोगं काय झालं न्हवतं. आता झालंय.

सुनबाईला सांगितलं, दाताच्या डागदराकडं चालले. म्हंजी निगताना बी लबाडी केलीच. सोलापूरला तुज्या घरावरनं रिक्षा गेली, उतरले न्हाय. कुर्डुवाडीला वर्कशॉपच्या गेटावर तिच्या ल्योकाचं, दिपकचं, नाव सांगून पत्ता काडला.

मीनाबाई दारात तूर पाकडत बसली व्हती. म्या म्हनलं, "मीनाबाई हायत का?"

मान वर न करता म्हनली, "पदर खाली घे. टेशनात बी आसाच वढला व्हतास. सिदूची करवली न्हवं तू?"

म्हंजी तिनं तवा बी वळखलं व्हतं! बारा वर्सं मी समजत व्हते की लपले.

ती ये म्हनली न्हाय, मी उंबऱ्याभाईर बसले. सगळं सांगितलं. सुपाचा आवाज तेवढा चालू व्हता. मग म्या करंडा काडून खाली ठिवला. सूप थांबलं.

"ह्यो व्हय?"

"व्हय."

तिनं उचलून तळव्यावर घेतला, उलटापालटा केला. "येवढासा? म्या कवा बगितलाच न्हवता गं. येवढं घर फोडलं, मला वाटायचं चांगला डब्यायेवढा आसंल."

म्या पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतलं. "माज्या पायाला हात लावून तुला बरं वाटंल. मला काय?"

"मग काय करू?"

तिनं सुपातला एक खडा येचून टाकला. मग म्हनली, "ह्यांनी शेवटपत्तुर इचारलं मला, मीने, खरंच न्हाय ना घेतलास? माजा मालक, आन त्यानं इचारावं. मरताना बी इचारलं." मग सूप भिताडाला लावून उठली. "मला त्ये देवघर दाव."

दुसऱ्या दिशी एसटीनं करकंबला गेलो. ती म्होरल्या शिटावर, मी मागं.

तुजी आजी वसरीवर बाजंवर, टीवी चालू. "कोन गं?" म्हनली.

"मीना. तुमची चोर."

आजीनं माज्याकडं बगितलं. म्या ओच्यातनं करंडा काडला. "मावशी, आज पाचवा दिस हाय. करवलीची चोरी परत घ्या. तिनं न्हाय, म्या उचलला व्हता." पेढं बी नेलं व्हतं, हातातच ऱ्हायलं. कुनी हासलं न्हाय. आजीचा हात रिमोटकडं गेला, तर तुज्या युवराज मामानं उठून टीवी बंदच केला.

मीनाबाईनं चपला काडल्या, वसरी चढली. बारीक आवाजात मोजत चालली. मी मागनं. देवघराम्होरं थांबली. "अकरा," म्हनली. "आंगनातनं अकरा पावलं. मला वाटायचं लई आत आसंल."

म्या करंडा तिच्याम्होरं केला. तिनं हात मागं बांदलं. "तू उचललास, तूच ठिव."

ठिवला. झाकन पडलं, त्ये उचलून परत लावलं.

भाईर आल्यावर आजी म्हनली, "मीना, बस. सून च्या टाकती."

मीनाबाई म्हनली, "कपात का वरनं?"

आजीनं पदर डोळ्याला लावला. मीनाबाई म्हनली, "बसायला आले न्हाय. ज्येला ज्येला सांगितलं मीना चोर हाय, त्येला आता खरं सांगा. गावात मानसं हायत अजून." आन उतरली.

स्टँडावर म्या तिला तुज्या पुस्तकाचं सांगितलं. लपवून आता काय ऱ्हायलं व्हतं? म्हनलं, "पोरगी तुजं नाव काडनार हाय."

"कशाला काडती? पस्तीस वर्सं गावातनं काडलंच व्हतं की. ऱ्हाऊ दे. चोर दुसरी कर म्हनावं, आन मला घरात ने. म्होरल्या दारानं." मग इचारलं, "मागं जाता येतं का त्या पुस्तकात?"

"न्हाय. तसा नेम हाय."

"बरा नेम हाय," म्हनली.

कुर्डुवाडीला उतरली, मागं वळून बगितलं न्हाय. तिनं माफ केलं का, त्ये मला इचारू नको. म्या तिला इचारलं न्हाय. इचारायची माजी पायरी न्हाय.

तर अठ्ठ्याऐंशीवं पान नवं लिव. मीनाबाई म्होरल्या दारानं आत येती. आन तुज्या शिकाऊ चोराला तू नावच ठिवलं न्हाईस, नुसतं 'तू' म्हनलीस. माजं नाव घाल. सोजर. 'म्या घेतलाय' ह्या पानावर तिला यायला लई उशीर व्हऊ दे, सोपं करू नको. चिंचोके म्या चुलीत टाकले.

परवा सुनबाईला म्हनलं, दादाला फोन लाव. ती म्हनली, "आत जाऊन बोला, दाताचं काय झालं सांगा." म्या म्हनलं, इस्पीकर लाव. सगळं सांगितलं. सून हातातलं पीठ तसंच घिऊन हुबी ऱ्हायली. भाईर चनबसप्पाची सायकल थांबल्याली दिसली, म्हनलं थांबू दे. वैनी रडली. दादानं फोन ठिवला, अजून उचलत न्हाय.

आता कागदाचं काम उरलं न्हाय. राग गेला आसंल का नसंल, बोलावं वाटलं तर फोन कर. सगळी आळी आसंल ऐकायला.

सोजर